घरचा पहारेकरी

संगणक ही वस्तू आता खर्ड्यासारख्या गावातही नवलाची राहिलेली नाही. पतसंस्थेत तो आहे, दूध संकलन केंद्रावर आहे, आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात तर आहेच. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, पीक विम्याची पावती ह्या साऱ्या गोष्टी कोणत्या ना कोणत्या संगणकाच्या पोटातूनच बाहेर पडतात. ज्या घरात मूल पदवीपर्यंत पोहोचले, त्या घरात जुना का होईना, एखादा लॅपटॉप येऊ लागला आहे. आणि लॅपटॉप आला की पाठोपाठ एक प्रश्न येतो : "ह्याच्यात अँटिव्हायरस टाकावा लागेल का?" विकणारा म्हणतो, टाकावाच लागेल. वर्गातला एखादा जाणता मित्र म्हणतो, काही गरज नाही, विंडोजमध्ये तो फुकट येतो. वडील दोघांकडे आळीपाळीने पाहतात, कारण पैसे त्यांच्या खिशातून जावयाचे असतात. ह्या फुकटच्या, घरच्याच पहारेकऱ्याचे बळ किती आणि उणेपण कोठे, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र मी शिकलेलो नाही. परंतु मामांचे झेरॉक्सचे व ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे, आणि कॉलेज सुटल्यावर मी तेथे बसतो. दिवसभरात अनेक अनोळखी पेनड्राइव्ह आमच्या संगणकात शिरतात. डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडरला जसे रोग ओळखता येऊ लागतात, तेवढीच माझी ह्या विषयातील पात्रता समजावी.

संगणकाचा 'विषाणू' म्हणजे काही जंतू नव्हे, हे आता सांगावयास नको. तोही एक प्रोग्रामच असतो, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची एक यादी. फरक एवढाच की ह्या आज्ञा मालकाने दिलेल्या नसतात. घरगुती संगणकांत पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू १९८६ साली आपल्या शेजारी, लाहोरला जन्मला. 'ब्रेन' त्याचे नाव, आणि तो लिहिणाऱ्या दोघा भावांनी त्यात स्वतःचे नाव, पत्ता व फोन नंबरही घातला होता. चोराने दारावर आपली पाटी लावून जावे तसा हा प्रकार! पुढे १९९० साली भारतात एक विषाणू सापडला, त्याला तर चक्क 'जोशी' असेच नाव मिळाले. तो फ्लॉपीतून पसरे, गुपचूप बसून राही, आणि ५ जानेवारी उजाडली की संगणक अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करण्याची मागणी करी. तेवढे टाइप केले की बिचारा वाट मोकळी करून देई. त्या काळचे विषाणू असे खोडकर पोरांसारखे होते. आजच्यांचा धंदा पैशाचा आहे. ते वाढदिवस साजरा करावयास लावीत नाहीत, खंडणी मागतात.

ह्या रोगावर औषध तयार करणारांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर ह्यांचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुण्यात त्यांनी कॅलक्युलेटर दुरुस्तीचे काम केले, मग संगणक दुरुस्तीचे. दुरुस्तीला येणारे संगणक बहुधा विषाणूंनीच बिघडलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. धाकटे बंधू संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढण्याचे प्रोग्राम लिहिले, थोरल्यांनी ते दुकानोदुकानी नेऊन विकले. १९९० नंतरच्या त्या दशकात उभे राहिलेले 'क्विक हील' ते हेच. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात गेली. आपल्याकडील कित्येक दुकानांत आजही 'अँटिव्हायरस द्या' असे न म्हणता 'क्विक हील द्या' असेच म्हणतात. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे.

त्या काळी पहारेकरी विकतच घ्यावा लागे, कारण विंडोज बनविणाऱ्या मायक्रोसॉफ्टने घर बांधून दिले होते, राखणदार दिला नव्हता. २००३ साली तिने रुमानियातील एका कंपनीचे अँटिव्हायरसचे तंत्र विकत घेतले. २००६ साली 'विंडोज डिफेंडर' आला, पण तो केवळ पाळत ठेवणारे प्रोग्राम हुडकी, विषाणू नव्हे. २००९ साली 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' नावाचा पूर्ण अँटिव्हायरस मोफत मिळू लागला, मात्र तो ज्याचा त्याने उतरवून घ्यावा लागे. अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर डिफेंडर हाच पूर्ण अँटिव्हायरस बनून घरातच राहावयास आला. आज विंडोज १० किंवा ११ असलेल्या प्रत्येक संगणकात तो आहे. घड्याळाशेजारी जी लहानशी ढाल दिसते ना, ती त्याचीच.

सुरुवातीला हा पहारेकरी चांगलाच झोपाळू होता. जर्मनीतील माग्देबुर्ग येथे अँटिव्हायरसची परीक्षा घेणारी 'एव्ही-टेस्ट' नावाची संस्था आहे. तिने २०१२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या ह्या मोफत अँटिव्हायरसला प्रमाणपत्रच नाकारले होते. 'फुकटचे ते फुकटचेच' हा जो समज आपल्याकडे पक्का बसला, तो त्या दिवसांतला. परंतु माणसाचा समज बदलावयास जितका वेळ लागतो, तितका प्रोग्राम बदलावयास लागत नाही. २०१९ साली त्याच संस्थेच्या परीक्षेत डिफेंडरने १८ पैकी १८ गुण मिळविले आणि तेव्हापासून तो पहिल्या रांगेत बसतो आहे. दुकानदार मंडळी मात्र आजही २०१२ चेच प्रगतिपुस्तक दाखवितात.

हा पहारेकरी काम कसे करतो, हे समजल्याशिवाय त्याचे बळ व उणेपण उमगणार नाही. त्याच्या तीन रीती आहेत. पहिली रीत पोलीस चौकीतल्या फोटोंची. माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची एक वही त्याच्याजवळ असते आणि उघडली जाणारी प्रत्येक फाइल तो वहीशी ताडून पाहतो. ही वही दिवसातून अनेकदा इंटरनेटवरून नवी होते. दुसरी रीत वागणुकीवरून ओळखण्याची. एखाद्या प्रोग्रामचा फोटो वहीत नाही, पण तो भराभर शेकडो फाइली बदलू लागला, किंवा विंडोजच्या आतल्या खोल्यांत हात घालू लागला, तर त्याला धरावयाचे. तिसरी रीत मुख्यालयाला विचारण्याची. अनोळखी फाइल दिसली की डिफेंडर तिची खूण इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या संगणकांकडे पाठवितो व उत्तर येईतो तिला दारातच थांबवितो, साधारणपणे दहा सेकंदांपर्यंत. जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर काय चालले आहे हे त्या मुख्यालयाला दिसत असते. त्यामुळे ब्राझीलमध्ये सकाळी सापडलेला चोर खर्ड्यात दुपारी ओळखला जातो. पकडलेली फाइल लगेच नष्ट न करता वेगळ्या कोठडीत ठेवतात. २०२० च्या साथीत विलगीकरण हा शब्द आपण सर्वच शिकलो, तोच हा प्रकार.

आता बळाविषयी. सर्वांत मोठे बळ म्हणजे तो आहे! विकतचा अँटिव्हायरस एक वर्षाचा असतो. वर्ष संपते, नूतनीकरणाची पाटी रोज झळकू लागते, आपण रोज ती बंद करतो, आणि संगणक जुन्या वहीवर चालत राहतो. आमच्या दुकानात येणाऱ्या घरगुती लॅपटॉपांत असे मुदत संपलेले पहारेकरी मी कितीतरी पाहिले आहेत. डिफेंडरची मुदत संपत नाही, तो नाव नोंदवा म्हणत नाही, जाहिराती दाखवीत नाही. दुसरा अँटिव्हायरस आला तर आपण होऊन बाजूला होतो आणि तो काढून टाकला की पुन्हा कामावर रुजू होतो. घरच्या माणसाचे हे वागणे आहे. शिवाय विंडोज व डिफेंडर एकाच घरचे असल्यामुळे त्यांचे एकमेकांशी भांडण होत नाही. दोन परके अँटिव्हायरस एकाच संगणकात घातले तर मात्र ते एकमेकांनाच चोर समजून झुंजत बसतात आणि संगणक मान टाकतो.

उणेपणाकडे वळताना मला आपल्या गावच्या किल्ल्याची आठवण होते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढी मुभा असावी. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणात मराठे व निजाम ह्यांची गाठ पडली. सवाई माधवराव पेशवे जातीने मोहिमेवर होते, सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एका ठिकाणी आले होते. त्या रात्री गोंधळ माजून निजाम अली माघारी फिरला व खर्ड्याच्या भुईकोटात जाऊन बसला. कोट भक्कम होता. त्याची तटबंदी आजही आपण पाहतो. परंतु मराठ्यांनी बाहेरचे पाणी व रसद तोडली आणि निजामाला तहावर यावे लागले. भिंत पडली नव्हती, बाहेरून येणारे पाणी थांबले होते.

डिफेंडरचे नेमके हेच आहे. त्याच्या सामर्थ्याचा मोठा वाटा मुख्यालयाकडून येतो, म्हणजे इंटरनेटवरून. ऑस्ट्रियातील 'एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज' ही दुसरी परीक्षक संस्था प्रत्येक अँटिव्हायरसची परीक्षा दोनदा घेते, एकदा इंटरनेट जोडून व एकदा तोडून. जोडलेले असताना डिफेंडर उत्तम गुण मिळवितो, पण इंटरनेट तोडले की त्याचे गुण बरेच खाली उतरतात. काही विकतचे अँटिव्हायरस अशा वेळी कमी ढासळतात, कारण त्यांची घरातली वही जाड असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला ह्या फरकाचे महत्त्व कळावयाचे नाही, त्याचे इंटरनेट चोवीस तास चालू असते. आपल्याकडे पावसाळी दिवसांत वीज गेली की रेंजही जाते. ज्या संगणकाला इंटरनेटच नाही, महिन्यातून एकदा कोणी मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो तेवढाच, तेथे हा पहारेकरी जुन्या वहीवर व अर्ध्या दृष्टीने उभा असतो. आणि अशा संगणकात विषाणू येतो तो इंटरनेटवरून येत नाही, पेनड्राइव्हवरून येतो.

पेनड्राइव्हविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात खरा प्रश्न हाच आहे. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होई. विंडोज ७ पासून ती वाट बंद झाली. म्हणून विषाणू लिहिणारांनी नवी युक्ती काढली. तुमचे फोल्डर ते लपवून टाकतात व त्याच नावाचा, तसाच दिसणारा शॉर्टकट तेथे ठेवतात. तुम्ही आपलाच फोल्डर समजून त्यावर दोनदा टिचकी मारता. आधी विषाणू सुरू होतो, मग तुमचा खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. आता मौज अशी की डिफेंडरची नेहमीची मांडणी पाहिली तर पेनड्राइव्ह लावताक्षणी तो सगळा तपासत नाही. पूर्ण तपासणी करा म्हटले तरी पेनड्राइव्ह वगळूनच करतो. फाइल उघडताना तेवढी ती पाहतो. विकतचे काही अँटिव्हायरस पेनड्राइव्ह लावताच 'तपासू का?' असे विचारतात. डिफेंडरला आपण सांगावे लागते : पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून तपासणीचा पर्याय निवडावयाचा. दोन मिनिटांचे काम आहे, पण करतो कोण?

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर ती महिनाभर फिरली, म्हाताऱ्यांपाशी बसली, मोबाइलवर आवाज भरून घेतला. मोबाइलमध्ये जागा उरेना म्हणून सगळे पेनड्राइव्हवर घेतले आणि मोबाइलमधले पुसले. ज्यांच्या ओव्या त्यात होत्या त्यांपैकी दोन आज्या त्यानंतर वारल्या. छपाईसाठी ती एका दुकानात गेली (कोणत्या ते सोडा). तेथून परत आली तेव्हा पेनड्राइव्हवर सगळे शॉर्टकट. मग तिने तो दुसऱ्या एका संगणकात लावला. तेथे डिफेंडर जागा होता, त्याने ते शॉर्टकट धरले व कोठडीत टाकले. त्याचे काम त्याने चोख केले. पण आता पेनड्राइव्ह उघडला तर आत काहीच नाही! "अँटिव्हायरसने तुझ्या फाइली खाल्ल्या," असे तिला सांगण्यात आले, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करून देण्याची तयारीही दाखविण्यात आली.

ती रडवेली होऊन आमच्याकडे आली. मी पेनड्राइव्हची जागा पाहिली. फाइली नाहीत म्हणावे तर आठ जीबीपैकी साडेपाच जीबी भरलेली. म्हणजे फाइली होत्या, दिसत नव्हत्या. विषाणूने त्या नुसत्या लपविलेल्या नव्हत्या, विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा शिक्का त्यांवर मारून लपविल्या होत्या, म्हणून 'लपलेल्या फाइली दाखवा' म्हटले तरी त्या दिसत नाहीत. फोल्डरच्या पर्यायांत 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपविण्याची जी खूण असते ती काढली आणि बिननावाचा एक फोल्डर वर आला. त्यात सगळ्या ओव्या होत्या. पहिली फाइल लावली तेव्हा दुकानात रांगेत उभे असलेले लोकही गप्प राहून ऐकू लागले. फॉरमॅट केले असते तर त्या दोन आज्यांचा आवाज कायमचा गेला असता.

ह्यात डिफेंडरचे एक उणेपण स्पष्ट दिसते. तो चोराला धरतो, परंतु चोराने घरात केलेली उलथापालथ नीट लावून देईलच असे नाही. विकतच्या अँटिव्हायरसचीही ह्याबाबत खात्री नसते, पण त्यांच्या कंपनीला फोन करून विचारता येते, कधी कधी मराठीतही. फुकटच्या मालाला फोन नसतो.

ह्याहून भयंकर प्रकार म्हणजे खंडणीचा विषाणू. तो तुमच्या फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीचे पैसे मागतो. तेथे लपलेल्या फाइली उघड्या करण्याची युक्ती चालत नाही, कुलूप गणिती असते. डिफेंडरमध्ये ह्याविरुद्ध एक चांगली सोय २०१७ च्या अखेरीस आली. ठराविक फोल्डरांत ओळखीच्या प्रोग्रामशिवाय कोणालाही लिहू द्यावयाचे नाही, अशी ती सोय. पण ती मुळात बंद असते! आपण आत जाऊन, व्हायरसपासून संरक्षणाच्या पानावर अगदी खाली, रॅन्समवेअरच्या सदरात ती चालू करावी लागते. चालू केल्यावर ती एखाद्या भाबड्या प्रोग्रामलाही अडविते आणि मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर फाइल जतन करीना म्हणून लोक वैतागून ती पुन्हा बंद करतात. कंपनीने ती बंद का ठेवली असेल, हे त्यामुळे समजते. पटते असे मात्र नाही.

खंडणीचा धडा आपल्याच राज्याने २७ जून २०१७ रोजी पाहिला. मर्स्क ही डेन्मार्कची बलाढ्य जहाज कंपनी. 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघाला, मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात ह्या समूहाकडून चालविले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरांच्या रांगा लागल्या. हा विषाणू खंडणी मागे, पण पैसे देऊनही किल्ली मिळत नव्हती, उद्देश विध्वंसाचाच होता. मर्स्कचे हजारो संगणक काही मिनिटांत गेले. तिच्या साऱ्या जगभरच्या जाळ्याची किल्ली ज्या मुख्य संगणकांत होती, तेही सगळे गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेत घाना देशातला. का? तर नेमकी त्या वेळी तेथली वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून सुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्याने कोणाचे कोट्यवधी वाचविल्याचे मी तरी दुसरे उदाहरण ऐकलेले नाही. घानातला तो संगणक कोणत्या अँटिव्हायरसने वाचविला नाही. तो जोडलेला नव्हता म्हणून वाचला.

त्याच वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला होता. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्च २०१७ रोजी दिलेली होती. ज्यांनी ती घेतली ते वाचले. आपल्याकडे 'अपडेट' म्हणजे डेटा खाणारी कटकट अशी समजूत आहे आणि अनेकांचे संगणक महिनोन्‌महिने अपडेटविना चालतात. तट फुटलेल्या कोटाच्या दारावर पहारेकरी उभा करून काय उपयोग?

आणि मग 'क्रॅक'. हा विषय अवघड आहे, कारण ह्यात आपण बरेच जण कमीअधिक सापडू. विकत न घेता चालविलेले विंडोज, ऑफिस किंवा फोटोशॉप चालू करण्यासाठी जो लहानसा प्रोग्राम मिळतो, त्याच्याबरोबरच्या सूचनेत पहिलेच वाक्य असते : आधी डिफेंडर बंद करा. विचार करून पाहावा, घरात शिरणारा पाहुणा 'आधी कुत्रे बांधा' म्हणतो तेव्हा आपण निदान कारण तरी विचारतो. येथे कोणी विचारीत नाही. डिफेंडर अशा प्रोग्रामांना 'हॅकटूल' म्हणून धरतो, लोक म्हणतात तो उगीच अडवितो. प्रत्येक क्रॅकमध्ये विषाणू असतोच असे नाही, परंतु ज्यात असतो तो आपल्या हातानेच आत घेतला जातो, आणि अशा वेळी बंद केलेला पहारेकरी पुष्कळदा बंदच राहतो. फुकट पहारेकऱ्याला फुकट माल चालत नाही, हा ह्यातला विनोद.

ज्या चोऱ्यांची बातमी आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, त्यांतील बऱ्याच चोऱ्यांशी ह्या पहारेकऱ्याचा संबंधच येत नाही. 'तुमचे खाते बंद होणार, ओटीपी सांगा' असा फोन आला आणि आपण तो सांगितला, तर डिफेंडर काय करणार? व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येते. ती फोनवर बसते व बँकेचे संदेश चोरते. तो मोबाइलचा प्रांत आहे, तेथे विंडोजचा हा पहारेकरी नाही. मामांनी दुकानात १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावून ठेवला आहे. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर ते गोठविले जाण्याची आशा असते.

मग विकतचा घ्यावा की नाही? ज्याचा संगणक बहुतेक वेळ इंटरनेटशिवाय चालतो आणि ज्यात रोज परके पेनड्राइव्ह येतात, त्याने घ्यावा असे माझे मत आहे. दुकाने, छापखाने, निवडणुकीच्या वा परीक्षेच्या दिवसांत शाळांची कार्यालये, ही त्यातली. ज्यांच्याकडे दहा-वीस संगणक असून एकाच ठिकाणाहून सर्वांवर नजर ठेवावयाची आहे, त्यांनीही घ्यावा. घरी अभ्यासापुरता लॅपटॉप वापरणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र वडिलांना दरवर्षी ह्या खर्चात पाडू नये. विकतचे म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच आहे. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' ह्या महागड्या पहारेकऱ्याच्याच एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, विमानतळांवर गोंधळ उडाला आणि आपल्या देशात विमानाचे बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. बाहेरून आणलेले 'मोफत' अँटिव्हायरस घेतानाही सावध असावे. 'अवास्ट' ही त्यातली नामांकित कंपनी. ती लोकांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकत असल्याचे २०२० साली उघड झाले. २०२४ साली अमेरिकेत तिला त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. डिफेंडरही संशयास्पद फाइलींचे नमुने मायक्रोसॉफ्टकडे पाठवितो, हे लपविण्यात अर्थ नाही. ते पाठविणे बंद करता येते, पण मग मुख्यालयाला विचारण्याची तिसरी रीत लंगडी पडते.

पहारेकऱ्यालाच कोणी फितविले तर? तेही घडले आहे. डिफेंडरला प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते, म्हणून त्याच्यातच भगदाड असेल तर नुसती फाइल येऊन पडणे पुरेसे होते. मे २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी असे एक भगदाड दाखविले, आणि ते काही दिवसांतच बुजविण्यात आले. २०२१ च्या फेब्रुवारीत तर बारा वर्षे कोणाच्या लक्षात न आलेला दोष दुरुस्त झाला. ह्यातील चांगली बाजू अशी की ह्या दुरुस्त्या अपडेटबरोबर आपोआप येतात, अर्थात अपडेट चालू असतील तर.

आपल्या महाविद्यालयाच्या दृष्टीने सध्या महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. डिफेंडरची वही विंडोज १० वरही निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत नवी होत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. त्यामुळे ढालीवरील हिरवी खूण दिसत राहील आणि सर्व ठीक आहे असे वाटेल. पण वही नवी होणे वेगळे आणि तटाची भगदाडे बुजणे वेगळे. जुन्या संगणकांपैकी पुष्कळ विंडोज ११ ला चालत नाहीत, कारण त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही किंवा त्यांचा प्रोसेसर मान्य यादीत बसत नाही. गावातील बहुतेक घरगुती लॅपटॉप, जुने घेतलेले, ह्याच वर्गात मोडतात. दुरुस्तीची वाढीव मुदत मागून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली होती, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. आपल्या लॅपटॉपची काय स्थिती आहे, हे 'सेटिंग्ज'मधील विंडोज अपडेटच्या पानावर एका मिनिटात कळते. ज्यांना ते पान मराठीत हवे असेल त्यांनी भाषेच्या सदरात मराठी निवडावी, ते सर्व मराठीतही वाचावयास मिळते. आणि प्रकल्पाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली की तो काढून कपाटात ठेवावा, संगणकालाच लावून ठेवू नये. आमची मैत्रीण आता ओव्यांच्या दोन प्रती ठेवते, एक तिच्या घरी आणि एक विभागाच्या कपाटात.